पट्टीखालचं पाणी

माझ्या दादाचं अख्खं आयुष्य नदीकडे बघण्यात गेलं, आणि त्याचा त्याला सरकार पगार देत होतं. असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, असं अडतीस वर्षं तो पुलाखाली उतरला, पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवर पाणी कुठं टेकलंय ते वाचलं आणि वहीत लिहिलं. एवढंच काम. पण अंगात ताप असताना, पायाला प्लास्टर असताना, आमची आई गेली त्या दिवशीसुद्धा त्याने ते केलं. गावात त्याला पट्टीमास्तर म्हणायचे. पुढं पुढं त्याचं खरं नाव पोस्टमनलाही आठवेना.

घरातही तो तसाच. कपातला चहा डोळ्यांसमोर धरून म्हणणार, "छोटे, कालच्यापेक्षा बोटभर खाली आहे." मी म्हणणार, "मग वहीत लिही." त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान म्हणून मी छोटी. पंचावन्न पार केली तरी छोटीच. मी लग्न केलं नाही, इस्त्रीचं दुकान काढलं. वहिनी गेल्यापासून दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहतो. त्याला मूलबाळ नाही. त्या अडतीस वह्या हाच काय तो त्याचा संसार, आणि त्याही सरकारच्या कपाटात.

वहीचे नियम मला पाठ आहेत, कारण ते त्याने मला जेवताना ऐकवलेत. लाट खालीवर होते, म्हणून पट्टी तीनदा वाचायची आणि मधला आकडा धरायचा. खाडाखोड करायची नाही. चुकलंच तर चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही. आणि रेघेखालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. "का रे बाबा?" मी एकदा विचारलं होतं. "चूक कुणी आणि काय केली ते पुढच्याला कळायला नको?" तो म्हणाला होता.

आता मुद्द्याचं सांगते. त्या अडतीस वर्षांतले अकरा दिवस खोटे आहेत. ते मी लिहिलेत. आणि एकोणतीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, दादालाही नाही.

तो उन्हाळा ज्यांनी पाहिला त्यांना आजही विसरता येत नाही. दोन वर्षं पाऊस झालेला नाही, धरणं आटलेली. धरणंच आटल्यावर वीज कुठून येणार? दिवसाला आठ-आठ तास दिवे गेलेले असायचे. नळ कोरडे, विजेची इस्त्री बंद, मी कोळशाची इस्त्री माळ्यावरून काढली होती. त्यातच वहिनीच्या छातीचं दुखणं बळावलं. तिला दूरच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं आणि दादाला तिच्याजवळ राहावं लागलं. बदली माणूस मागितला तर वरच्या कचेरीने कळवलं, माणूस नाही, तुमचं तुम्ही बघा. निघताना त्याने मला पट्टीपाशी नेलं. "पाणी जिथं पट्टीला टेकतं तो आकडा. तीनदा वाच, मधला लिही. तारीख चुकवू नकोस." वहिनी गाडीत बसली होती. तिच्याकडे बघत बघत तो हे सांगत होता.

पहिल्या दिवशी मी गेले. पाणी पट्टीला टेकलेलंच नव्हतं. पट्टीच्या अगदी खालचं शून्य चिखलात उभं, चिखलही तडकलेला, आणि पाणी पार मधे, पंधरावीस पावलं पुढं. आता शून्याच्याही खाली असेल तर काय लिहायचं? फितीने शून्यापासून खाली मोजायचं आणि आकड्याच्या आधी उण्याची खूण करायची, हे मला आज माहीत आहे. तेव्हा दादाने सांगितलं नव्हतं. पाणी पट्टीखाली जाईल असं त्याच्याही मनात आलं नसेल. मला वाटलं, रकाना कोरा ठेवला तर वर कळेल की माणूस जागेवर नाही, आणि त्याची नोकरी जाईल. मी चिठ्ठीवर लिहिलं, चार सेंटीमीटर, तिन्ही वेळेला तेच. दुसऱ्या दिवशीही चार. मग तीन. मग पुन्हा चार, म्हणजे खरं वाटावं. मोठी हुशारच की नाही मी. पुढं पुढं तर मी काठावरूनच लिहायला लागले.

वहिनी नवव्या दिवशी गेली. दादा परत आला तेव्हा त्याच्या शर्टाची गुंडी तुटलेली होती आणि हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता. इस्पितळात वीज नव्हती, जनित्र फक्त शस्त्रक्रियेच्या खोलीपुरतं, म्हणून शेवटचे पाच दिवस तो त्या पुठ्ठ्याने तिला वारा घालत बसला होता. पुठ्ठा टाकून द्यायचंही त्याला सुचलं नव्हतं. संध्याकाळी तो वही घेऊन बसला आणि माझ्या चिठ्ठीवरचे आकडे आपल्या अक्षरात उतरवून घेतले. सही केली. म्हणाला, "शाबास छोटे. एकही दिवस चुकला नाहीस." त्या माणसाला मी काय सांगणार होते? तेव्हा जे गिळलं ते गिळलंच.

दादा निवृत्त झाला, पट्टीशेजारी यंत्र बसलं, त्यालाही अकरा वर्षं झाली. मी ते दिवस खरोखरच विसरून गेले होते. आणि गेल्या वर्षी इंजिनियरबाई आली.

आमच्या सगळ्या टापूला वीज कमी पडते हे काही नवीन नाही. कारखाने वाढले, घराघरात थंड हवेची यंत्रं आली, पंधरा वर्षांत आजच्या दुप्पट वीज लागेल असं पेपरात यायचं. त्यासाठी दोन अणुभट्ट्या बांधायच्या, जागा तीन बघितल्या होत्या, त्यात आमच्या पुलाच्या वरच्या अंगाची जागा सगळ्यात पुढं होती. गावात दोन तट पडले. दुकानदार आणि कारखानेवाले म्हणत आणा, काठावरचे बरेचसे म्हणत नको. मी दुकानदार. दिवसातून तीनदा इस्त्री गार होते तेव्हा मला कुणी अणुभट्टीची भीती सांगू नये; सांगितली असती तर मी त्याला दारातून हाकललं असतं.

इंजिनियरबाई नियोजनाच्या कचेरीतली. तिशीची असेल, बूट चिखलाने भरलेले, ते दाराबाहेर काढून आत आली. मला तिथंच आवडली. दादाला म्हणाली, "काका, तुमच्या वह्या मी सगळ्या वाचल्यात. अशी नोंद मी कुठंच पाहिली नाही." दादा नुसता चष्मा पुसत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

मी पुढच्या खोलीत पोलिसाच्या गणवेशाचा शर्ट इस्त्री करत होते. दार उघडं, सगळं ऐकू येत होतं. बाई समजावून सांगत होती की अणुभट्टीला थंड ठेवायला बारा महिने पाणी लागतं, आणि ती बंद केली तरी आतली उष्णता लगेच जात नाही, तेव्हाही लागतं. म्हणून नदी कमीत कमी किती खाली जाते हे सगळ्यात महत्त्वाचं. वरची-खालची मोजणीकेंद्रं नंतर सुरू झाली. त्या मोठ्या दुष्काळाची नोंद फक्त दादाकडे. "आणि बघा काका, त्या उन्हाळ्यातसुद्धा पाणी पट्टीखाली गेलं नाही. तीन-चार सेंटीमीटर का होईना, राहिलं. दोन्ही भट्ट्यांचा सगळा हिशेब आम्ही त्या आकड्यांवर उभा केलाय."

शर्टाच्या कॉलरचा जळका वास आला तेव्हा मी भानावर आले.

बाईने एक कागद पुढं केला. पट्टीची सर्व वाचने मी स्वतः जागेवर जाऊन घेतली आहेत, असं त्यावर होतं. गुरुवारी शाळेच्या सभागृहात जनसुनावणी, तिथं दादाचा सत्कार करायचा आणि सगळ्यांसमोर तो कागद वाचायचा. दादा म्हणाला, "ठेवून जा बाई. मी वाचल्याशिवाय सही करत नाही." बाई हसली आणि बूट घालून गेली.

त्या दुपारी माझ्या हातून काम होईना. दादा आत बसून कागद वाचत होता, दोन ओळींचा कागद, अर्धा तास. मला वाटलं, त्या अकरा दिवसांत आपण इथं नव्हतो हे त्याला आठवतंय. तरी माझ्यावर विश्वास म्हणून तो सही करून टाकेल. सत्तरी ओलांडलेला माणूस, त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी वाखाणलं, आणि मी आता त्याच्या पानांना हात लावू? गप्प बसले तर कुणाला कळणार होतं? वीजही येणार होती. हे सगळं मी मनात घोळवलं, खोटं कशाला सांगू. पण ती मुलगी म्हणाली होती, बंद केली तरी पाणी लागतं. ते डोक्यातून जाईना.

मी इस्त्रीचा खटका बंद केला आणि आत गेले. उभ्याउभ्याच सांगितलं. पाणी पट्टीला नव्हतंच, दादा. मी मनाने लिहिलं.

त्याने हातातला कागद टेबलावर ठेवला. मग विचारलं, "किती खाली होतं?"

"खूप."

"खूप म्हणजे किती?"

"मला काय माहीत? मी मोजलं असतं तर ही वेळ आली असती का?" मी उलट त्याच्यावरच खेकसले. शरमेने माणूस असाच वागतो.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू शाबास म्हणालास."

तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर पडला. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. चहा ठेवला तर प्यायचा, पण कप डोळ्यांसमोर धरायचा नाही. मला तेच जास्त लागलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी दोन ऐकून चार दिल्या असत्या, पण शिव्या देणं त्याला जमतच नाही. बुधवारी सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. "चल. नीट आठव. त्या दिवसांत पाणी कशाला टेकलेलं तू पाहिलंस? कशालाही."

काठावर जाईपर्यंत मी म्हणत होते, मला काही आठवत नाही. पुलाखाली उतरले आणि आठवलं. तेव्हा मी कपडे धुवूनही द्यायचे, आणि नळ कोरडे होते म्हणून गिऱ्हाइकांचे कपडे नदीवर न्यायचे. मधल्या धारेत एक सपाट खडक उघडा पडला होता, एरवी तो दिसतही नाही. त्याच्या कडेला वाटीएवढा खळगा होता, मी त्यात साबण ठेवायचे. आणि एके दिवशी पाणी बरोबर खळग्याच्या काठाला लागलं होतं, साबण विरघळायला लागला म्हणून मी तो उचलला. हातात तो साबण असतानाच शेजारीण वरून हाका मारत आली. इस्पितळातून फोन आला होता. एका गिऱ्हाइकाची चादर मी तशीच खडकावर टाकून पळाले.

"म्हणजे तो नववा दिवस," दादा म्हणाला.

"हो."

त्याने चपला काढल्या आणि कमरेभर पाण्यात शिरला. मी ओरडत होते, अरे पडशील, हाडं मोडून घेशील. त्याने काठीने चाचपत चाचपत खडक शोधला. मग बाही खांद्यापर्यंत ओली करून वाकला आणि हाताने खळगा शोधत राहिला. सापडला तेव्हा तिथंच तसा वाकून थांबला, आणि मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

गुरुवारी सभागृह तुडुंब भरलं होतं. मंचावर मोठे साहेब, कडेला इंजिनियरबाई, भिंतीवर नकाशे. एका बाजूला दुकानदार, दुसऱ्या बाजूला विरोधवाले, आणि मधल्या रांगेतले आपण कुठल्या बाजूला जावं या चिंतेत. साहेबांनी दादाचं कौतुक केलं, शाल पुढं केली. दादाने शाल घेतली नाही. खिशातून कागद काढला, तसाच, सही न केलेला.

"यावर मी सही करू शकत नाही," तो म्हणाला. "त्या उन्हाळ्यात अकरा दिवस मी पट्टीजवळ नव्हतो. पाणी शून्याच्या खाली गेलं होतं. वहीतले आकडे खोटे आहेत."

आधी कुणाला कळलंच नाही. मग विरोधवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि दुकानदारांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला फितवलंय." साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "मग हे आकडे लिहिले कुणी?"

"अक्षर माझं आहे. सही माझी आहे," दादा म्हणाला.

त्यात एक शब्द खोटा नव्हता. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि मला कळलं, हा एवढ्यावरच थांबणार. अडतीस वर्षांचं नाव तो माझ्यासाठी चुलीत घालणार आणि घरी येऊन चहा पिणार.  मी उभी राहिले. "आकडे माझे आहेत," मी म्हटलं. "त्याची बायको मरत होती. त्याने माझ्यावर काम सोपवलं आणि मी थापा लिहिल्या. त्याला तीन दिवसांपूर्वीपर्यंत माहीतही नव्हतं."

मागून कुणीतरी हसलं. विरोधवाल्यांतले दोघंतिघं दादाला खांद्यावर घ्यायच्या बेताने पुढं आले. त्याने काठी आडवी धरली.

"माझ्यासाठी टाळ्या वाजवू नका. मी तुमच्या बाजूचा नाही. माझ्या बायकोला पाच दिवस पुठ्ठ्याने वारा घातलाय मी. वीज मला तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हवी आहे." मग तो मंचाकडे वळला. "बाई, एका दिवसाचं पाणी कुठं होतं ते आम्हाला माहीत आहे. मोजायचं असेल तर दाखवतो."

इंजिनियरबाई तोपर्यंत खाली मान घालून कागदांवर काहीतरी लिहीत होती. तिने मान वर केली आणि एवढंच विचारलं, "उद्या सकाळी सहाला चालेल, काका?"

मोजणीची दुर्बीण तिपाईवर लावून त्यांनी खळग्याची उंची पट्टीच्या शून्याशी ताडून पाहिली. मी कमरेभर पाण्यात खुणेची काठी धरून उभी होते. उणे बासष्ट सेंटीमीटर. शून्याच्या खाली बासष्ट, आणि मी लिहिले होते तीन. बाईने आकडा तीनदा घेतला आणि मधला धरला. दादाने ते पाहिलं आणि मान हलवली.

नियोजन दीड वर्ष मागं गेलं. आता म्हणतात, इथं एकच भट्टी, तीही वरच्या अंगाला मोठा साठवण तलाव बांधून झाल्यावर, आणि दुसरीसाठी समुद्राकाठची जागा बघताहेत. दुकानदार मंडळी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. माझं चौथाई गिऱ्हाईक तुटलं. इस्त्री अजून दिवसातून तीनदा गार होते, आणि दर वेळी मी स्वतःलाच चार शब्द सुनावते. दादाला पट्टीमास्तर म्हणताना काही पोरं आता डोळे मिचकावतात. तो ते बघतो आणि पुढं जातो. मला मात्र त्यांचे कान उपटावेसे वाटतात.

गेल्या आठवड्यात बाई स्वतः ती वही घेऊन आली. मूळ नोंद दुरुस्त करायची होती आणि नोंद ज्याची त्यानेच दुरुस्ती करायची असा नियम. दादाने हात धुतले, टेबल पुसलं, चष्मा लावला. ते पान मी तीस वर्षांनी पाहिलं. चार, चार, तीन, चार. त्याने प्रत्येक आकड्यावर एक-एक रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. दहा दिवसांवर लिहिलं, वाचन घेतले नाही. नवव्या दिवशी लिहिलं, उणे ६२.

शेवटी शेऱ्याचा रकाना होता. दादाच्या वह्यांत शेऱ्यात फक्त वारा, गढूळ पाणी, वाहून आलेलं झाड, असलंच काहीतरी. आई गेली त्या दिवशीचा रकाना कोरा आहे, मी बघितलाय. त्याने पेन टेकवलं आणि थांबला. बाई खिडकीबाहेर बघायला लागली. मग त्याने सावकाश लिहिलं: पाणी बहिणीने पाहिले. आज पत्नी वारली.

आज, असं लिहिलं त्याने. 

खाली त्याने सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. "तू पण कर."

 मी घाईघाईने सही केली, तारीख घातली; तारखेतलं शून्य अर्धवटच राहिलं.

दादाने वाकून पाहिलं. "छोटे," तो म्हणाला, "शून्य नीट काढ. पुढच्याला वाचता आलं पाहिजे."